परिचारिकेचे हात



इतिहासाच्या व्याख्यानात राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा असते. आम्ही आज रबरी हातमोज्याचा इतिहास सांगणार आहोत. त्याला कारण घडले ते असे. काही वर्षांपूर्वी खानदेशातील एका रुग्णालयातील परिचारिकांच्या सभेस आम्ही गेलो होतो. पगाराच्या थकबाकीचे टिपण खिशात होते. एक सिस्टर उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, थकबाकीचं नंतर बघू. आधी हे हात बघा." बोटांच्या पेरांत भेगा, मनगटापर्यंत लाल चट्टे! गिरणीतले आणि जिनातले हात आम्ही आयुष्यभर पाहिले. पण पांढऱ्या गणवेशाच्या बाहीखाली असे हात असतील, हे ध्यानी आले नव्हते. शाळा आमची लवकर सुटली, म्हणून एखादी गोष्ट उमगली नाही की पुस्तके धुंडाळायची ही सवय लागली. त्या धुंडाळण्यातून हे निघाले.

हात धुण्याची सक्ती प्रथम केली ती व्हिएन्नाच्या सेमेलवाइस या डॉक्टरने, १८४७ साली. चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्यात हात बुडवल्यावाचून बाळंतिणीला शिवायचे नाही, असा त्याने दंडक घातला आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. पुढे १८६७ साली लिस्टरने कार्बोलिक ॲसिडचा प्रयोग प्रसिद्ध केला. रोगी वाचू लागले. ज्या हातांनी ते वाचवले त्या हातांचे काय झाले, हे मात्र कोणी नोंदवीत बसले नाही.

नोंद झाली ती अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. तेथील शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिका कॅरोलाइन हॅम्पटन यांचे हात १८८९-९० च्या हिवाळ्यात पाऱ्याच्या जंतुनाशक क्षाराने पार सोलून निघाले. (आपल्या वैद्यांचा रसकापूर त्याच कुळातला.) काम सोडण्याची पाळी आली. तेव्हा हाल्स्टेड या शल्यविशारदाने गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबराचे मोजे करवून घेतले. त्याच वर्षी दोघांचे लग्न झाले, हा भाग पुस्तके चवीने सांगतात. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. आज जो हातमोजा रोग्याचे रक्षण करतो, तो जन्मला काम करणाऱ्या बाईची कातडी वाचवण्यासाठी. डॉक्टरांनी तो नेमाने घालायला आणखी काही वर्षे लागली.

पुढे औषधाचाच रोग झाला. १९८७ नंतर एड्सच्या भीतीने प्रत्येक रोग्यासाठी मोजे वापरण्याचा नियम जगभर पसरला आणि रबराच्या चिकातील प्रथिनांनी कित्येक परिचारिकांना गांधी उठू लागल्या, दमाही होऊ लागला. मोजे सहज चढावेत म्हणून आत लावलेली भुकटी ती प्रथिने हवेत पसरवी. अमेरिकेने २०१७ च्या जानेवारीत भुकटीचे मोजे बंदच केले.

आता आपल्याकडे या. जळगाव-भुसावळचा मे महिना आम्ही तुम्हाला सांगायला नको. पारा पंचेचाळिसावर जातो. मोज्यात घाम साठतो, कातडी पाण्यात भिजलेल्या कागदासारखी होते, आणि त्यावर पुन्हा साबण. साबण मळाबरोबर कातडीचे अंगचे तेलही नेतो. २०२० च्या साथीत ज्यांनी याच उन्हाळ्यात अंगभर प्लास्टिकचा पोशाख चढवून पाळ्या केल्या, त्यांच्या नाकावरचे व्रण पुष्कळांनी पाहिले असतील. उपाय अवघड नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हात चोळण्याच्या अल्कोहोलच्या द्रावणाची कृती दिली. तीत ग्लिसरीन मुद्दाम घातले आहे, आणि मळ दिसत नसेल तेथे साबणापेक्षा ते कातडीला सोसते. हात पुरते कोरडे झाल्यावाचून मोजे चढवू नयेत. तेल किंवा व्हॅसलीन लावायचे ते पाळी संपल्यावर; कारण तेलाने रबर विरते.

हातांनंतर पाठ. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले आणि त्याच साथीत १० मार्चला त्यांचा अंत झाला, असे सांगतात. आपण ती गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे; पण ती ओझ्याचीही आहे. रोग्याला किती उचलावे? अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेतील एका संशोधकाने २००७ साली हिशेब मांडून पस्तीस पौंड, म्हणजे सुमारे सोळा किलो, एवढी मर्यादा सुचवली. आपल्याकडे खाटा भरल्या की रोगी जमिनीवरच्या गादीवर येतो, आणि सिस्टर पाळीभर कमरेत वाकते.

माणसे मुळातच थोडी. १९४६ च्या भोर समितीने हिशेब दिला, तेव्हा देशात त्रेचाळीस हजार लोकांमागे एक परिचारिका होती.

कारखान्यातील बाईने किती वजन उचलावे हे ठरवण्याची सोय १९४८ च्या कारखाने कायद्यात होती. रुग्णालय कारखान्यात मोडत नव्हते. ते निदान 'उद्योग' तरी आहे की नाही, यावरच वर्षे गेली. मुंबईच्या जे. जे. समूहातील वॉर्डातल्या दोन नोकरांसाठी हॉस्पिटल मजदूर सभा लढली आणि १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने 'आहे' म्हटले. १९७० साली सफदरजंग रुग्णालयाच्या प्रकरणात तेच न्यायालय उलटे फिरले. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठ्याच्या निकालात पुन्हा 'आहे'. या सगळ्या काळात आम्ही युनियनवाल्यांनी तरी काय केले? पगार, बढती, बदली. कातडी आणि कंबर आमच्या मागण्यांच्या यादीत नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

त्या सभेनंतर आम्ही यादी बदलली. ग्लिसरीनचे द्रावण प्रत्येक वॉर्डात आले. बिनभुकटीचे मोजे तीन महिने आले, मग थांबले, मग पत्रे लिहिल्यावर पुन्हा आले. वर-खाली करता येणाऱ्या खाटांची फाईल अजून टेबलांवरून फिरते आहे. हात दाखवणाऱ्या त्या सिस्टर मधल्या काळात सेवानिवृत्त झाल्या. त्या फाईलचे काय झाले, हे त्या आम्हाला भेटतील तेथे विचारतात.