शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमधील रोगजंतू

वर्गीकरण न झालेल्या शहरी कचऱ्यात वापरलेले डायपर, मांस-मासळीचे अवशेष, क्वचित मृत प्राणीही येतात. त्यांतून साल्मोनेला, ई. कोलाय व जंतांची अंडी कंपोस्टमध्ये शिरतात. लांब ढिगांत ५५ अंश सेल्सिअस तापमान १५ दिवस टिकवून, पाचदा ढीग उलथल्यास ती बहुतांशी नष्ट होतात. उलथणे टाळल्यास थंड बाह्य थर तसाच राहतो. खरी अडचण पुढची. अपक्व खत पुन्हा ओलावल्यास उरलेला साल्मोनेला वाढू शकतो. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी तर उष्णता सोसते. खत चाळणाऱ्या कामगारांच्या श्वासावाटे तिचे बीजाणू फुप्फुसांत जातात. भारताच्या खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये रोगजंतू शून्य असावे लागतात. मात्र गोणी भरतानाच्या चाचणीतून साठवणुकीतील वाढ कळत नाही.