टर्नआउट
टर्नआउट : बॅले नृत्यातील पायांची मूलभूत ठेवण. यात दोन्ही पाय खुब्यापासून बाहेर वळवतात. मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या उखळीत फिरतो आणि त्याबरोबर गुडघा व पाऊल वळते. १७व्या शतकात फ्रान्सच्या दरबारातील नृत्यगुरू प्येर बोशां यांनी बांधून दिलेल्या पायांच्या पाच स्थिती याच ठेवणीवर उभ्या आहेत.

अध्यापन : साधी दृश्य साधने पुरतात. जमिनीवर खडूने घड्याळाची तबकडी काढून टाचा मध्यबिंदूवर जुळवतात. नवशिक्याचे चवडे ११ व १ या आकड्यांकडे, सरावानंतर १० व २ कडे वळतात. गुडघ्याच्या वाटीवर टिकली चिकटवली, की गुडघे वाकवताना ती अंगठ्याशेजारच्या बोटाच्या रेषेत राहते का, हे आरशात दिसते. टिकली आत झुकल्यास पाऊल खुब्याच्या आवाक्यापलीकडे ओढलेले असते; त्याने गुडघ्यावर ताण येतो. हाडांची घडण जन्मजात असल्याने दोन्ही पावलांमध्ये पूर्ण १८० अंशांचा कोन सर्वांना साधत नाही.

भारतात : मुंबईत येहूदा माओर यांनी मनीष चौहान व आमिरुद्दीन शाह यांना बॅले शिकवले; या दोघा शिष्यांच्या वाटचालीतून सूनी तारापोरवाला यांचा ‘ये बॅले’ (२०२०) हा चित्रपट प्रेरित आहे. भरतनाट्यमच्या ‘अरमंडी’ या मूळ स्थितीतही पाय खुब्यातूनच उघडतात, मात्र गुडघे वाकलेले असतात.