साडेतीन मैलांचे रूळ

बसचा मार्ग उद्या बदलता येतो. रूळ एकदा पडले की ते दोन पिढ्यांसाठी पडतात. म्हणूनच एखाद्या शहरात नवा रस्ता व्हायचा असला तर त्याविषयी चार लोक बोलतात, पण रस्त्यावर रूळ टाकायचे ठरले की सारे शहर बोलू लागते. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील सिनसिनाटी या शहराने एका लहानशा ट्राममार्गावरून जवळजवळ दहा वर्षे वाद घातला. तो मार्ग अवघा ३.६ मैलांचा, म्हणजे सुमारे ५.८ किलोमीटरचा आणि तोही फेरा घेऊन निघाल्या ठिकाणी परत येणारा. अमेरिकन माणूस जिला ‘स्ट्रीटकार’ म्हणतो ती आपली ट्रामच. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली, म्हणून आमच्या तरुण वाचकांसाठी एवढा खुलासा. इतक्या थोड्या रुळांवरून एवढा मोठा वाद का व्हावा, हे समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करणार आहोत.

ओहायो नदीच्या काठी वसलेले हे शहर एकोणिसाव्या शतकात जर्मन स्थलांतरितांनी भरून गेले. शहराच्या मध्यभागाला वळसा घालून मियामी-ईरी कालवा वाहत असे आणि त्याच्या उत्तरेस या जर्मनांची दाट वस्ती होती. कालवा ओलांडून घरी जाणे म्हणजे ऱ्हाइन नदी ओलांडून मायदेशी जाणे, अशा थट्टेतून त्या वस्तीला ‘ओव्हर-द-ऱ्हाइन’ हे नाव पडले. १८४२ मध्ये तेथे सेंट मेरीचे देऊळ उभे राहिले. ख्रिस्तसभेतील बायकांनी आपल्या घरच्या भट्ट्यांत त्याच्या विटा भाजल्या, असे तेथील परंपरा सांगते. विसाव्या शतकाच्या आरंभी या वस्तीत सुमारे ४५ हजार माणसे राहत होती. मद्याचे कारखाने, गायनसंस्था, शाळा आणि रस्त्यारस्त्यावर ट्राम असा तेथील संसार होता. शहरात घोड्यांची ट्राम १८५९ मध्ये आली, पुढे तिची जागा विजेच्या ट्रामने घेतली आणि २९ एप्रिल १९५१ रोजी अखेरची ट्राम आगारात शिरली.

या शहराच्या पोटात मात्र एक जुनी जखम होती. कालवा निकामी झाल्यावर त्याच्या कोरड्या पात्रातून भुयारी रेल्वे न्यावी असे ठरले. १९१६ साली मतदारांनी त्यासाठी ६० लाख डॉलरांच्या कर्जरोख्यांस मान्यता दिली. पण मध्ये पहिले महायुद्ध आले आणि लोखंड, सिमेंट, मजुरी सारेच महागले. १९२० मध्ये काम सुरू झाले आणि १९२७ मध्ये पैसे संपून थांबले. दोन मैलांहून अधिक लांबीची भुयारे बांधून झाली, स्थानके झाली, त्यांच्यावर सेंट्रल पार्कवे हा रुंद रस्ताही झाला. रूळ तेवढे कधीच पडले नाहीत. एकही प्रवासी त्या भुयारांतून गेला नाही. मात्र त्यांसाठी काढलेले कर्ज फेडून व्हायला १९६६ साल उजाडले. पुढच्या वादात हे भुयार पुन्हा पुन्हा बोलले. विरोधक म्हणत, “पाहा, हे शहर पूर्वीही असेच फसले.” समर्थक म्हणत, “पाहा, अर्धवट सोडल्याची शिक्षा अशी असते.” एकाच पुराव्यातून दोन्ही बाजू आपापला न्याय काढीत होत्या.

दुसरी जखम ताजी होती. ओव्हर-द-ऱ्हाइनमधील जर्मन कुटुंबे टेकड्यांवरच्या उपनगरांत निघून गेली होती आणि त्यांच्या रिकाम्या घरांत गरीब कृष्णवर्णीय कुटुंबे येऊन राहिली होती. २००० च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या आठ हजारांच्याही खाली आली होती. शेकडो सुंदर जुन्या इमारती ओस पडल्या होत्या. ७ एप्रिल २००१ रोजी या वस्तीत टिमथी थॉमस नावाचा १९ वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मरण पावला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीने शहर हादरले आणि रात्रीची संचारबंदी लावावी लागली. शहराचा हा भाग पुन्हा कसा वसवायचा, हा प्रश्न त्यानंतर कोणालाच टाळता येईना.

२००२ मध्ये सबंध परगण्यात रेल्वेचे जाळे विणण्याची आणि त्यासाठी विक्रीकर वाढवण्याची योजना मतदारांपुढे आली, ती त्यांनी साधारणतः दोनास एक अशा मतांनी फेटाळली. मग २००७ पासून लहान योजना पुढे आली. नदीकाठापासून बाजारपेठेतून ओव्हर-द-ऱ्हाइनमध्ये जाणारी आणि पुढे टेकडी चढून विद्यापीठ व रुग्णालयांच्या भागापर्यंत पोहोचणारी ट्राम. महापौर मार्क मॅलोरी हे तिचे कैवारी होते. पोर्टलंड शहरात २००१ मध्ये सुरू झालेल्या ट्रामचा दाखला ते व त्यांचे सहकारी देत. रूळ पडले की व्यापाऱ्याला, घरबांधणाऱ्याला खात्री वाटते आणि ओस घरांत दिवा लागतो, असा त्यांचा युक्तिवाद होता.

विरोधकांची मोट विलक्षण होती. एकीकडे करवाढीस कायम विरोध करणारे पुराणमतवादी होते, तर दुसरीकडे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेची स्थानिक शाखा आणि तिचे अध्यक्ष ख्रिस्तोफर स्मिदरमन. पहिल्यांना पैशाची उधळपट्टी खुपत होती. दुसरी बाजू विचारीत होती की, पहाटे कामावर जाणारी बाई ज्या बसची वाट पाहत उभी असते ती बस तासाने येते. तिच्यासाठी पैसा नाही, आणि नव्या उपाहारगृहांकडे जाणाऱ्यांसाठी ट्राम? शिवाय ओस घरांत दिवा लागला तर भाडेही वाढेल. मग आज तेथे राहणारे कोठे जातील?

हा प्रश्न आम्हांला या सबंध वादातील सर्वांत प्रामाणिक प्रश्न वाटतो. परंतु मतपत्रिकेवर तो कधी आलाच नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये विरोधकांनी सार्वमत घडवून आणले. प्रवासी रेल्वेवरील कोणत्याही खर्चापूर्वी मतदारांची संमती घेणे नगरपरिषदेवर बंधनकारक करावे, असा तो प्रस्ताव होता. सुमारे ५६ टक्के मतदारांनी तो नाकारला. २०११ मध्ये ओहायोचे नवे राज्यपाल जॉन केसिक यांच्या कारकिर्दीत राज्याने देऊ केलेले सुमारे ५ कोटी २० लाख डॉलर काढून घेतले. त्याबरोबर टेकडीवर चढणारा मार्ग गळाला आणि उरला तो सपाटीवरचा लहान फेरा. त्याच वर्षी नोव्हेंबरात दुसरे सार्वमत झाले. २०२० सालापर्यंत ट्रामवर एक पैसाही खर्च करू नये, असे त्यात म्हटले होते. तेही नापास झाले, पण या वेळी अंतर फारच थोडे होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये कामाचा मुहूर्त झाला.

काम निघाले की हिशेब निघतात. जमिनीखालच्या वाहिन्या हलवण्याचा खर्च कोणी सोसावा यावरून तंटा झाला. निविदा अंदाजाहून चढ्या आल्या आणि जून २०१३ मध्ये नगरपरिषदेने ५ विरुद्ध ४ मतांनी आणखी १ कोटी ७४ लाख डॉलर मंजूर केले. त्या वर्षीच्या निवडणुकीत जॉन क्रॅन्ली यांनी ट्राम रद्द करू असे उघड सांगून मते मागितली आणि ट्रामच्या समर्थक रॉक्सॅन क्वॉल्स यांचा मोठ्या फरकाने पराभव केला. मतदानास मात्र तीन मतदारांतून एकही धड आला नव्हता. जनतेचा कौल नक्की कोणता मानावा? दोन सार्वमतांचा, की या निवडणुकीचा? दोन्ही बाजूंनी आपल्या सोयीचा कौल खरा मानला.

१ डिसेंबर २०१३ रोजी क्रॅन्ली यांनी शपथ घेतली. ४ डिसेंबरला नव्या नगरपरिषदेने ५ विरुद्ध ४ मतांनी काम थांबवले. रस्त्यांत तोवर रूळ पडू लागले होते आणि गाड्यांची मागणी नोंदवून झाली होती. वॉशिंग्टनच्या सरकारने दिलेले सुमारे साडेचार कोटी डॉलरचे अनुदान पणाला लागले होते. त्या सरकारने १९ डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंतची मुदत घातली. नगरपरिषदेने हिशेब तपासण्यास बाहेरची लेखापरीक्षण संस्था नेमली. समर्थक कडाक्याच्या थंडीत दारोदार फिरून नव्या सार्वमताच्या अर्जासाठी सह्या गोळा करीत होते. हजारो सह्या जमल्या. सेंट्रल पार्कवेखालच्या भुयाराची आठवण त्या दोन आठवड्यांत किती जणांना झाली असेल!

१८ डिसेंबरला अहवाल आला. काम पुरे करण्यास आणखी सुमारे ६ कोटी ९० लाख डॉलर लागणार होते. थांबवण्याचा खर्च १ कोटी ६३ लाख ते ४ कोटी ६१ लाख डॉलर यांच्या दरम्यान होता. शिवाय अनुदानही हातचे जाणार होते. म्हणजे ट्राम न बांधण्यासाठीही शहराला कोट्यवधी डॉलर मोजावे लागणार होते. ट्राम चालवण्याचा दरसालचा भार करदात्यांवर पडू नये, ही क्रॅन्ली यांची अट होती. शहरातील हेल फाउंडेशन या धर्मादाय निधीने दहा वर्षे दरसाल ९ लाख डॉलर देण्याची हमी दिली. १९ डिसेंबरला केव्हिन फ्लिन आणि डेव्हिड मॅन या दोन सदस्यांनी आपले मत बदलले. ६ विरुद्ध ३ मतांनी काम पुन्हा सुरू झाले आणि सहा मते पडल्यामुळे महापौरांचा नकाराधिकारही निरुपयोगी ठरला. फ्लिन आणि मॅन काही ट्रामचे भक्त झाले नव्हते. त्यांनी बेरीज केली आणि ती मान्य केली. आपण दोन आठवड्यांपूर्वी दिलेले मत भर सभेत बदलणे हे सार्वजनिक जीवनात सोपे नसते. या कथेतील धैर्याचे कृत्य शोधायचेच असेल तर आम्ही ते घोषणांत शोधणार नाही, येथे शोधू.

९ सप्टेंबर २०१६ रोजी ट्राम धावली. एकूण खर्च सुमारे १४ कोटी ८० लाख डॉलर झाला. आरंभीची वर्षे निराशेची होती. प्रवासी अंदाजाहून कमी आले आणि विरोधकांना “आम्ही म्हटले नव्हते का?” असे म्हणण्याची संधी मिळाली. २०२० मध्ये साथीच्या काळात बंद पडलेली सेवा पुन्हा सुरू झाली ती भाडे न घेता. त्यानंतर गर्दी वाढू लागली आणि २०२३ मध्ये वर्षाच्या प्रवाशांनी दहा लाखांचा आकडा ओलांडला. आता समर्थकांची पाळी आली. टेकडीवरचा मार्ग मात्र आजवर झालेला नाही.

आणि ती बसची वाट पाहणारी बाई? तिच्या प्रश्नाचे उत्तर ट्रामच्या विजयात नव्हते, आणि ट्राम हरली असती तरी ते मिळाले नसते. थांबवलेल्या ट्रामचा पैसा बसकडे वळलाच असता असे समजण्यास काहीही आधार नव्हता. वॉशिंग्टनचे अनुदान तर दुसऱ्याच शहराच्या रुळांना गेले असते. तिच्यासाठी वेगळे मत द्यावे लागले. २८ एप्रिल २०२० रोजी परगण्याच्या मतदारांनी, बहुतेकांनी टपालाने मते पाठवून, विक्रीकरात ०.८ टक्क्याची वाढ मान्य केली. तिचा मोठा भाग बससेवेसाठी आणि उरलेला रस्त्यांसाठी व पुलांसाठी होता. अगदी निसटत्या बहुमताने ती संमत झाली. २००२ मध्ये करवाढ धुडकावणाऱ्याच परगण्याचे हे मत होते. त्यानंतर काही मार्गांवर बस रात्रंदिवस धावू लागली. ज्या दहा वर्षांत शहर साडेतीन मैलांवरून भांडत होते, त्या दहा वर्षांत हे मत का मागितले गेले नाही, असे कोणी विचारले तर दोन्ही पक्षांनी मान खाली घालावी लागेल.

घरभाड्याचा प्रश्न तर उरलाच. ओव्हर-द-ऱ्हाइनच्या जुन्या घरांत दिवे लागले, रंग लागला, दुकाने आली. आणि वाढत्या भाड्यापुढे अनेक जुनी कुटुंबे तेथून निघून गेली. याचा दोष एकट्या ट्रामवर ठेवणे अन्यायाचे होईल. वस्तीचा कायापालट तिच्याआधीच सुरू झाला होता. पण ट्राम बांधताना त्या कुटुंबांसाठी काय बांधले, हा प्रश्न त्यामुळे पुसला जात नाही.

सिनसिनाटीचा हा इतिहास वाचून आम्हांला वाटते ते एवढेच. सार्वजनिक वादात लोक बहुधा ‘होय’ की ‘नाही’ एवढेच मोजतात, आणि जो प्रश्न या दोन शब्दांत मावत नाही तो मतपेटीबाहेर उभा राहतो. लोखंडाचा निकाल लागला म्हणजे माणसांचा निकाल लागला असे नव्हे. ज्या विटा घरोघरच्या भट्ट्यांत भाजल्या गेल्या, त्यांचे सेंट मेरीचे देऊळ आजही त्या वस्तीत उभे आहे, आणि नवी ट्राम तेथून फार दूरवरून जात नाही. त्या विटा भाजणाऱ्या बायकांजवळ पैसा नव्हता, पण बांधकामात त्यांचा हात होता. पुढच्या वेळी रूळ टाकताना शहराने हे ध्यानात ठेवले, तर दहा वर्षांचा वाद अगदीच वाया गेला असे म्हणता येणार नाही.