लिदीचा माठ

मार्गशीर्ष पौर्णिमेला सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तापीकाठी घोड्यांचा बाजार. लोक घोड्यांची चाल बघत. आम्हा कुंभारांचं लक्ष लिदीवर. बाजार उठला की माझे आजोबा ती पोत्यांत भरून आणत, वाळवत, कुटून चाळत. उन्हाळ्यातल्या माठांची तयारी तिथूनच सुरू व्हायची.

घोडा रवंथ करत नाही, म्हणून त्याच्या लिदीत गवताचे तंतू बरेच शाबूत राहतात. ती मातीत मळली की वाळताना मडकं सहसा तडकत नाही. आव्यात तंतू जळून जातात, त्यांच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. आजोबा फुटक्या माठाची खापरी जिभेला लावायचे. ती जिभेला चिकटली तर माल बरोबर पाणी पिणारा. नुसती घासली गेली तर भाजणी जास्त झाली.

पाणी त्या छिद्रांतून झिरपतं, बाहेर वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता जाते. दहा लिटर पाणी 10 अंशांनी उतरवायला 100 पुरतात. खानदेशाची हवा कोरडी, म्हणून इथे माठ जितका गार करतो तितका दमट कोकणात करत नाही. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी तावेर्निये सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला तो नंदुरबार, थाळनेर याच मुलखातून. अशा वाटेवर घोडाही लागे आणि रांजणही.

आता यंत्रं थंड ठेवायलाही सच्छिद्र धातू, म्हणजे धातूचा फेस, वापरतात. धातूच्या फेसाचं एक पेटंट 1948 सालचं आहे, बेंजामिन सॉस्निक यांचं. खुल्या छिद्रांचा फेस करायची एक रीत अशी: प्लॅस्टिकच्या स्पंजात साच्याचा लगदा भरायचा, स्पंज जाळायचा, रिकाम्या जागेत वितळलेलं ॲल्युमिनियम ओतायचं आणि शेवटी साचा काढून टाकायचा. तिथे बाष्पीभवन लागत नाही. धातूच्या काड्यांमधून उष्णता पसरते आणि मधून वाहणारी हवा ती घेऊन जाते. तरी जाळून जागा करण्याची ही युक्ती आमच्या आव्यातली आहे, आणि आजोबांना ती पुरती कळत होती असं मी ठामपणे म्हणतो.

बाजारात हल्ली ऑइलपेंटने रंगवलेले माठ दिसतात. ते घेऊ नका. रंगाने छिद्रं बुजतात आणि पाणी गार होत नाही. साधा माठ घ्या, आणि बाहेरून साबण न लावता नुसत्या काथ्याने घासा.