गळ, राजा आणि ढीवर

वर्ध्याहून समुद्र पाहायचा तर मुंबईपर्यंत रेल्वेने सुमारे साडेसातशे किलोमीटर जावे लागते. लाटांच्या काठी उभे राहून गळ टाकण्याची विद्या आपल्या वाट्याला सहसा येत नाही. तरी सागरकिनाऱ्यावरचा नवशिका आणि वर्धा, धाम, वेणा किंवा बोर नदीच्या काठचा नवशिका, या दोघांचा पहिला धडा एकच असतो : पाणी ओळखणे आणि मासा ओळखणे. हा धडा आपल्याकडे कधी लिहिला गेला, ते आज आपण पाहू.

कल्याणीचा, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. हे राजघराणे विदर्भाला परके नव्हते. सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याच्या काळचा, इ. स. १०८७ चा शिलालेख नागपुरास सीताबर्डी येथे मिळाला आहे. या ग्रंथाचे अध्याय शंभर. त्यांत राज्यकारभार, पाकक्रिया आणि संगीत यांच्या जोडीला 'मत्स्यविनोद' हेही प्रकरण आहे. विनोद म्हणजे येथे करमणूक. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे असे माशांचे वर्ग त्यात केले आहेत. कोणत्या माशाला काय खाऊ घालावे तेही सांगितले आहे. गळाच्या कौशल्याला माशाच्या ज्ञानाचा असा पाया घातलेला आहे. आजही रोहूला कणकेची गोळी चालते, पण मरळ जिवंत बेडकी किंवा लहान मासा पाहूनच धावते. हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती कितीही महागडी काठी दिली तरी तो रित्या हातानेच परतायचा.

पण राजाला हे शिकवले कोणी? महालात बसून माशांच्या आवडीनिवडी कळत नाहीत. ज्यांची चूल पाण्यावर पेटत होती, त्यांच्याकडूनच हे ज्ञान आले असले पाहिजे, असे आम्हांस वाटते. राजाची ती करमणूक होती. त्यांचा तो चरितार्थ होता. ग्रंथावर नाव मात्र राजाचे राहिले.

आपल्या जिल्ह्यातील ढीवर आणि भोई हे त्याच विद्येचे वारसदार. १९६५ साली बोर नदीवर धरण झाले. पुढे वर्धा नदीवरही मोठी धरणे आली. वाहत्या पाण्याच्या जागी जलाशय पसरले आणि त्यांत रोहू-कटल्याचे बीज सोडले जाऊ लागले. जलाशयाची विद्या निराळी. कोणत्या डोहात कोणता मासा दडतो, पहिल्या पुराबरोबर तो कुठल्या ओढ्याने वर चढतो, हे नदीचे ज्ञान वृद्धांच्या तोंडी उरत चालले आहे. राजाने लिहिले म्हणून त्याच्या काळचे ज्ञान नऊशे वर्षे टिकले. हे कोणी लिहिले नाही, तर एका पिढीत बुडेल.

म्हणून ज्याला गळ शिकायचा आहे, त्याने बाजारात जाण्याआधी ढीवराच्या दारी जावे, नम्रपणे विचारावे, आणि ऐकलेले लिहून ठेवताना सांगणाऱ्याचे नाव आधी लिहावे.