दिवाण-इ-खासची चांदी आणि मुरथलचा पराठा



इंदूरच्या एका भगिनींनी फोनवर विचारलं, "कर्नलसाहेब, आम्ही दोघं आणि सासूबाई दिल्लीला चाललोय. तीन दिवस आहेत, पैसे बेताचे आहेत. मराठ्यांची दिल्ली बघायची आहे आणि पोटालाही चांगलं मिळालं पाहिजे. काय करू?" प्रश्न ऐकून मला हसू आलं. कारण 1760 साली सदाशिवरावभाऊंनाही नेमका हाच प्रश्न पडला होता. पैसे बेताचे आणि पोटं फार!

आधी राहण्याचं सांगतो. पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन आहे, तिथे चौकशी करा. नवी दिल्ली स्टेशन जवळ, मेट्रो जवळ, आणि आजूबाजूला मराठी कानावर पडतं. सासूबाईंना एखाद्या संध्याकाळी घरच्या चवीची आठवण झालीच, तर कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनाचं उपाहारगृह आहे. टॅक्सीच्या नादी लागू नका. मी सांगतो त्या जागांपैकी बहुतेक ठिकाणी मेट्रो, रेल्वे नाहीतर हरियाणा रोडवेजची बस जाते.

पहिला दिवस लाल किल्ल्याचा. मेट्रोचं लाल किला स्टेशन अगदी समोर आहे. फक्त सोमवारी जाऊ नका, सोमवारी किल्ला बंद असतो. लाहोरी दरवाजातून आत शिरलात की छत्ता बाजार लागतो, मग नौबतखाना, मग दिवाण-इ-आम आणि त्याच्या मागे दिवाण-इ-खास. संगमरवरी खांब, त्यांवर फुलांचं जडावकाम. इथे थांबा आणि मान वर करून छत बघा. लाकडी आहे, रंगवलेलं आहे, आणि ती रंगरंगोटी 1911 ची. मूळ छत चांदीचं होतं.

काही वर्षांपूर्वी सौ. बरोबर मी तिथे उभा होतो. शेजारी एका गाईडने वीसेक लोकांना गोळा केलं होतं. तो म्हणाला, तख्त नादिरशहा ले गया और छत मराठे ले गये. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. "अहो, खरंच आपण ओरबाडलं का हे?"

खरं आहे. मयूरासन नादिरशहाने 1739 साली नेलं आणि 1760 च्या ऑगस्टमध्ये भाऊंनी छताची चांदी उतरवून तिचे रुपये पाडले. नऊ लाखांच्या आसपास आकडा इतिहासकार देतात. भरतपूरचा सूरजमल जाट तेव्हा भाऊंबरोबर होता. ही चांदी काढू नका, असं त्याचं म्हणणं होतं, असं सांगतात. पुढे तो भाऊंना सोडून गेला. त्याच्या जाण्याची इतरही कारणं होती, पण ही चांदी त्यात नव्हती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्याकडे या प्रसंगावर दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, दिल्लीच्या तख्ताची चांदी काढली, वा, काय तो रुबाब! दुसरे विषय बदलतात. मला दोन्ही पटत नाही. मी आयुष्यातली अठ्ठावीस वर्षं आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये काढली. म्हणजे काय, तर बाकीचे बंदूक चालवतात आणि आम्ही पीठ, डाळ, तेल, रॉकेल पोचवतो. लढाईच्या सिनेमात आम्ही कुठेच नसतो. त्यामुळे त्या छताखाली उभा राहिलो की मला तलवारी दिसत नाहीत, हिशेबाची वही दिसते.

तुम्हीही हिशेब करून बघा. लष्कर, बुणगे, बाजारकरी, यात्रेकरू, बायकापोरं असे सगळे मिळून लाखभर तोंडं धरू. काही जण याहून जास्त धरतात. माणशी रोज अर्धा किलो धान्य म्हटलं तर पन्नास टन. घोडे चाळीस हजार धरले आणि घोड्याला रोज चार किलो दाणा दिला, तर एकशे साठ टन. वैरण मोजतच नाही. एकूण दोनशे दहा टन झाले, म्हणजे आजचे दहा टनी एकवीस ट्रक. हे दर दिवसाला! तेव्हा ट्रक नव्हते, बैल होते. एका बैलावर सव्वाशे किलो लादले तर रोज सतराशे बैल धान्य घेऊन छावणीत शिरले पाहिजेत. हा माझा कच्चा हिशेब आहे, त्यात इकडेतिकडे होईल. पण अंदाज यावा म्हणून सांगितला.

आता या बैलांचे, धान्याचे आणि शिपायांच्या पगाराचे पैसे कुठून आणायचे? उत्तरेतली वसुली विस्कटलेली. पुणे इतकं लांब की पत्राचं उत्तर यायला आठवडेच्या आठवडे जायचे. दिल्ली भाऊंनी ऑगस्टच्या सुरुवातीला घेतली, पण दिल्लीत होतं काय? नादिरशहाने आणि अब्दालीने ती आधीच धुऊन नेली होती. भाऊंच्या पत्रांत पैशाची ओढाताण पुन्हा पुन्हा येते. नऊ लाखांची चांदी म्हणजे जेमतेम महिनाभराचा खर्च. रुबाबासाठी छत काढणारा माणूस ते घरी नेतो. हा माणूस ते टांकसाळीत नेतो आणि शिपायांना वाटतो. यात बढाई मारण्यासारखं काही नाही. पण घरात पीठ संपल्यावर बायकोच्या पाटल्या गहाण टाकणाऱ्या माणसाला आपण चोर म्हणत नाही. इथे पाटल्या दुसऱ्याच्या होत्या, हेही मी विसरत नाही.

सौ.ला मी एवढं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं. आता भूक लागलीये."

किल्ल्यातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की चांदणी चौक. इथे एक पथ्य पाळा. एकाच दुकानात पोट भरायचं नाही. सकाळ असेल तर बेडमी पुरी आणि बटाट्याची झणझणीत भाजी. बेडमी म्हणजे उडदाच्या डाळीचं सारण भरलेली पुरी. दोन पुऱ्यांत माणूस गार होतो. थंडीत गेलात तर हातगाडीवर दौलत की चाट मिळते. नावात चाट असली तरी ती गोड असते, दुधाचा नुसता फेस, जिभेवर ठेवला की गेला. पराठेवाल्या गल्लीतले पराठे तव्यावर भाजत नाहीत, कढईत तळतात. सासूबाईंना एकच द्या. सामिष खाणाऱ्यांनी जामा मशिदीच्या बाजूला वळावं. तिथे करीम हे 1913 पासूनचं खानावळघर आहे.

आणि घंटेवाला. सोहन हलव्याचं हे दुकान 1790 सालचं. 2015 मध्ये बंद पडलं होतं, पुढे पुन्हा उघडलं. मराठी माणसाने या सालाकडे जरा लक्ष द्यावं. 1790 मध्ये दिल्लीत बादशहा शाह आलम होता, पण सत्ता महादजी शिंद्यांची होती. त्याआधी दोनच वर्षं, 1788 मध्ये, गुलाम कादिरने किल्ल्यात शिरून या बादशहाचे डोळे काढले होते. दिल्ली सोडवायला महादजींनी जी फौज धाडली, तिच्या सरदारांत होता राणेखान. हा राणेखान मूळचा भिस्ती, पखालीने पाणी वाहणारा. पानिपतावर जखमी महादजींना त्याने बैलावर घालून वाचवलं आणि महादजींनी त्याला भाऊ मानलं. पाणी पोचवणारा माणूस दिल्ली सोडवायला सरदार म्हणून येतो, ही गोष्ट आमच्या कोअरच्या प्रत्येक पोराला सांगावी अशी आहे. त्यानंतर पंधरा वर्षं शहर त्यातल्या त्यात स्वस्थ होतं. 11 सप्टेंबर 1803 ला पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. तिथला स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आत आहे. सहज आत सोडत नाहीत, म्हणून तुमच्या तीन दिवसांत मी तो धरत नाही.

दुसऱ्या दिवशी लवकर उठा. काश्मिरी गेटच्या बस अड्ड्यावरून पानिपतची बस धरा आणि मुरथलला उतरा. दिल्लीपासून साधारण पन्नास किलोमीटर. पंजाब-हरियाणाकडे जाणारे ट्रकवाले इथे थांबायचे, त्यांच्यासाठी ढाबे निघाले, आणि आता दिल्लीकर रात्री दोन वाजता गाड्या काढून पराठे खायला येतात. ढाबे शाकाहारी आहेत. तंदूरमधला जाड पराठा, आत बटाटा, कांदा किंवा पनीर, वर लिंबाएवढा पांढऱ्या लोण्याचा गोळा, सोबत दही आणि लोणचं. एकात एका माणसाचं भागतं. तिघांत तीन मागवले तर तिसरा बांधून घ्यावा लागतो, अनुभवाने सांगतो.

तो पराठा खाताना रस्त्याकडे तोंड करून बसा. हाच तो रस्ता.

ऑक्टोबर 1760 मध्ये भाऊ दिल्लीहून उत्तरेला निघाले ते या बाजूने. कर्नाळजवळच्या कुंजपुऱ्याची गढी त्यांनी 17 ऑक्टोबरला घेतली. तिथे अब्दालीसाठी साठवलेलं धान्य आणि रोकड हाती आली. दसरा आनंदात झाला. (त्या कुंजपुऱ्यात 1961 पासून सैनिक स्कूल आहे. तिथली मुलं पुढे आमच्या मेसमध्ये भेटत.) अब्दाली यमुनेच्या पलीकडे होता, नदीला पाणी होतं, तो उतरणार नाही असा सगळ्यांचा समज. 25-26 ऑक्टोबरला तो बागपतपाशी उतरला. बागपत इथून पूर्वेला, फार लांब नाही. झालं! भाऊ वर पानिपताकडे, दिल्ली खाली, आणि मधल्या या रस्त्यावर अब्दाली. तुमच्या पानातल्या पराठ्याचं पीठ, तूप, डाळ ज्या वाटेने पानिपताला जायचं, ती वाट बंद झाली ती पुढचे अडीच महिने.

पानिपताचं वर्णन करताना आपण विश्वासरावांना गोळी लागल्यापासून सुरू करतो. माझ्या मते लढाई त्याआधीच या रस्त्यावर हरली होती. दिल्लीत नारो शंकर होते. तेच, ज्यांच्या नावाची घंटा नाशिकला गोदाकाठी देवळावर आहे. त्यांच्याकडे थोडी फौज होती, थोडे पैसे होते. यमुनेपलीकडे दुआबात गोविंदपंत बुंदेले अब्दालीची रसद तोडत आणि आपल्यासाठी पैसा-धान्य जमवत फिरत होते. डिसेंबरमध्ये अफगाण घोडदळाने त्यांना गाझियाबादच्या बाजूला गाफील गाठून मारलं. आज शाहदऱ्याहून मेट्रोची लाल मार्गिका त्याच गाझियाबादला जाते. एवढा मोठा धक्का, पण तिथे मला त्यांची खूण सापडली नाही.

जानेवारी 1761 च्या पहिल्या आठवड्यात दिल्लीहून पराशर दादाजी काही स्वारांसह पैसे घेऊन पानिपताकडे निघाला. रक्कम स्वारांत थोडी थोडी वाटून दिलेली, म्हणजे एक पडला तरी बाकीची पोचावी. रात्र, थंडी, धुकं. वाट चुकली आणि ते थेट अफगाणांच्या छावणीत शिरले. आपलीच छावणी समजून मराठीत बोलले म्हणून ओळखू आले, असं म्हणतात. त्यातले फार थोडे वाचले.

हे वाचतो तेव्हा मला झोप लागत नाही. कारण मी वाट चुकलेलो आहे. कॅप्टन असताना राजस्थानच्या वाळवंटात सराव चालू होता आणि रात्री राशनचे सहा ट्रक घेऊन मी निघालो होतो. दिवे लावायची परवानगी नव्हती. एका फाट्यावर वाटाड्या म्हणाला डावीकडे, मी नकाशा बघून म्हणालो उजवीकडे. पहाटे कळलं की आम्ही भलतीकडेच आहोत. दीड दिवस शंभर-सव्वाशे जवानांनी शक्करपारे आणि चहावर काढला. सरावच होता, कोणी मेलं नाही. पोचलो तेव्हा सुभेदारसाहेबांनी रागाचा एक शब्द काढला नाही, फक्त विचारलं, "साहेब, आपण काही खाल्लंत का?" मला आजही तो प्रश्न शिवीसारखा लागतो. माझ्या पुढे वाळू होती. पराशर दादाजीच्या पुढे अब्दाली होता.

मुरथलहून पुढे पानिपत तासाभराचं. काला आंब शहराबाहेर आहे, रिक्षा ठरवून जावं लागतं. बाग आहे, स्तंभ आहे, लढाईची शिल्पं आहेत. 13 जानेवारीला शिपाई भाऊंच्या तंबूपाशी गेले आणि दोन दिवस पोटात कण नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं म्हणाले, असं वर्णन आहे. उरलंसुरलं खाऊन, तोंडाला हळद लावून 14 ला पहाटे फौज निघाली. तिथे उभं राहून विश्वास पानिपतात गेला वगैरे म्हणी तोंडात येतात. येऊ देऊ नका. शांत बसा जरा वेळ.

परतताना बाजारातून पचरंगा लोणचं घ्या, इथली प्रसिद्ध चीज आहे. बरणीचं झाकण तपासून घ्या. आमच्या बरणीने सौ.च्या शालीवर जो डाग पाडला तो अजून आहे. परतीला रेल्वेची पॅसेंजर गाडी धरा. दिल्लीपर्यंतच्या साध्या तिकिटाला मुंबईतल्या चार वडापावांइतकेही पैसे पडत नाहीत. तिसरा दिवस सासूबाईंना विचारून ठरवा, त्या कालकाजी म्हणतील. जरूर न्या. 1737 साली बाजीराव दिल्लीवर आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा गाठलं ते तेच देवस्थान.

आणि हो, मुरथलचा तो बांधून घेतलेला तिसरा पराठा जपून ठेवा. मी गेलो तेव्हा काला आंबपाशी खायला काहीच मिळालं नव्हतं, चहाची टपरीसुद्धा नव्हती.