पहिल्या पाच टाक्या

मंडळी, रिमोटवरचा नायट्रो ट्रक नवा असला की खोक्यातून काढल्या काढल्या पळवायचा नसतो. आधी एअर फिल्टरच्या स्पंजला तेल लावा, स्क्रू तपासा, गिअरच्या दात्यांमध्ये कागदाची पट्टी घालून फट बघा. मग पाच-सहा टाक्या इंधन नुसतं इंजिन 'बसवण्यात' घालवा. याला म्हणतात ब्रेक-इन. पूर्वी नव्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' लिहिलेलं असायचं, तोच प्रकार.

माझ्या पहिल्या इंजिनाच्या वेळी एका काकांनी सल्ला दिला होता. त्यांनी एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना विमानांची मॉडेल्स उडवलेली, म्हणजे अधिकारी माणूस. "मिश्रण एकदम रिच ठेव, इंजिन थंड ठेव, घाई करू नकोस." मी अक्षरशः तसं केलं. सहा टाक्या धूर ओकत, गुरगुरत घालवल्या. नंतर इंजिन गार असताना सुरू व्हायचं, गरम झालं की नाही! कॉम्प्रेशन गेलं होतं. महिन्याभराचे जमवलेले पैसे गेले, ते वेगळंच.

काकांचं काय चुकलं? खरं तर काहीच नाही. त्यांचा सल्ला वेगळ्या इंजिनासाठी होता, एवढंच.

थोडं मागे जाऊ. १९३० च्या दशकात मॉडेल विमानांची इंजिनं स्पार्क प्लगवर चालायची. म्हणजे कॉइल, कंडेन्सर, पॉइंट्स आणि बॅटरी, एवढं ओझं त्या चिमुकल्या विमानाने वाहायचं. १९४७ मध्ये अमेरिकेत रे आर्डन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला. प्लॅटिनमयुक्त तारेचं बारीकसं वेटोळं. दीड व्होल्टच्या बॅटरीने ते लाल करायचं, इंजिन सुरू झालं की बॅटरी काढून घ्यायची. पुढे मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमवर आली की रासायनिक क्रियेनेच तार तापलेली राहते. वायरिंगची सगळी भानगडच संपली.

पेट्रोल जाऊन मिथेनॉल आलं आणि त्यात मिसळायला चक्क एरंडेल! ते मिथेनॉलमध्ये छान विरघळतं आणि खूप तापलं तरी धातूवर टिकून राहतं. नायट्रोमिथेन जोडीला, कारण ते स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, नायट्रोमिथेनला जेमतेम १.७ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जळतं.

आता मुद्द्याचं. त्या काळच्या बऱ्याच इंजिनांत लोखंडी पिस्टन पोलादी स्लीव्हमध्ये घासून बसवलेला असायचा. नवेपणी घर्षण जास्त, तापलं तर पिस्टन धरायचा. म्हणून भरपूर तेल, रिच मिश्रण, थंड इंजिन. काकांचा नियम इथून आला, आणि तिथे तो शंभर टक्के बरोबर होता.

नंतर एबीसी इंजिनं आली: अॅल्युमिनियमचा पिस्टन, क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह. ही स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. गार असताना पिस्टन तिथे अडकल्यासारखा होतो, तोच तो 'पिंच'. इंजिन तापलं की पितळ जास्त प्रसरण पावतं आणि दोघांत हवी तेवढीच फट उरते. अशा इंजिनाला थंड चालवणं म्हणजे प्रत्येक फेरीला ती निमुळती जागा खरवडणं. मिनिटाला तीस हजार फेरे म्हणजे सेकंदाला पाचशे वेळा. मी पोरासारखं जपलं म्हणत नेमकं तेच करत होतो!

थोडक्यात काय, एबीसीला ऊब हवी. मिश्रण थोडंसंच रिच, हेडचं तापमान शंभर अंश सेल्सियसच्या आसपास. हेडवर पाण्याचा थेंब टाका. तो तसाच बसून राहिला तर इंजिन फार थंड आहे, क्षणात चुर्र झाला तर फार गरम. टाकी संपली की पूर्ण गार होऊ द्या. आणि हो, इंजिन थांबल्यावर फ्लायव्हील फिरवून पिस्टन खाली आणून ठेवा, नाहीतर आकसणारी स्लीव्ह त्याला वरच पकडते. निडल एका वेळी अष्टमांश फेराच फिरवा.

ऑफिसात जुन्या कोडमध्ये "ही ओळ काढू नका" अशी कॉमेंट सापडते, का ते लिहिलेलं नसतं. लिहिणारा कधीच सोडून गेलेला असतो. काकांचा नियमही तसाच माझ्यापर्यंत आला, कारण मात्र वाटेत गळून पडलं. आता लिथियम बॅटऱ्या आणि ब्रशलेस मोटरींपुढे नायट्रोवाले कमीच उरलेत, म्हणून कारणासकट लिहून ठेवलं.

असो. दुसऱ्या इंजिनाची पाचवी टाकी आज संपली. गरम असतानाच परत सुरू करून पाहिलं. पहिल्या झटक्यात सुरू झालं!